सेराफिनची चांगली दाढ

मी उपदाढ बोलतेय. वरच्या जबड्यातली, उजव्या बाजूची, सुळ्याला लागून असलेली. पुढच्या दातांचं लोक कौतुक करतात, अक्कलदाढेच्या नावाने खडे फोडतात, सुळ्याला जरा वचकून असतात. उपदाढ मात्र कुणाच्या लक्षातही राहत नाही. नावाला 'उप' चिकटलं की हे असंच चालायचं. पण माझी हकिगत ऐकाल तर तुम्ही मला विसरणार नाही. कीड नाही, कळ नाही, हलणं नाही, अशी ठणठणीत असताना मी तोंडाबाहेर आले. आणि मला त्याचं काडीचंही दुःख नाही. उलट अभिमान आहे, आणि तो मी लपवणार नाही.

माझी धनीण सेराफिन. गाव आमचं पार उत्तरेकडच्या बर्फाळ मुलखात, मोठ्या तळ्याच्या काठावर, डेने आदिवासींचं. पलीकडे यलोनाइफ शहर. हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यावरून गाडी घातली की झटक्यात पोचता येतं, एरवी वळसा. सेराफिनला जबडा मिळाला तो आईचा, चिमणीएवढा. आणि दात मिळाले बापाचे, फावड्यासारखे. आमचं सगळं रामायण इथूनच सुरू झालं.

हिरडीच्या आत, हाडाच्या अंधारात, आम्ही पक्के दात आपापली पाळी येण्याची वाट बघत बसलो होतो. बसलो म्हणजे काय, चेपून बसवलेले होतो. माझ्याही वर, जरा पुढे, सुळा. तो जन्मालाच उंचावर आलेला, आणि खाली उतरायची त्याची पाळी माझ्याही नंतर.

"ए, जरा सरक की," तो म्हणायचा.

"कुठं सरकू? मागे माझी बहीण आहे, पुढे दुधाचा सुळा आहे. तुझ्यासाठी काय गच्चीवर जाऊ?"

"मग मी उतरणार कुठं?"

मी आधी उतरणार, जागा अडवणार, आणि हा बिचारा वरच्या वर लटकणार, हे मला दिसत होतं. पण स्वतःची जागा कोण सोडतं? मीही जागा धरून बसले.

सेराफिन आठ वर्षांची झाली तोवर पुढचे पक्के दात बाहेर आले होते, ते एकमेकांच्या अंगावर चढूनच. शाळेत पोरं म्हणायची, "सेराफिन, तुझे दात रांगेत उभे आहेत का मारामारी करतायत?" नारसिस मामा तर रोजचाच. तो गाडी चालवायचा, त्यामुळे त्याचे विनोदही गाडीचेच. "पोरी, तुझ्या तोंडात एका ट्रकमध्ये दोन गावं बसलीत. आता उतरा म्हटलं तर दार उघडायला जागा नाही!" सेराफिन त्याला उशी फेकून मारायची. पण आरशासमोर एकटी असली की ओठ वर करून बराच वेळ बघत राहायची. ते मला आतून कळायचं, कारण तेव्हा तिच्या जिभेचं टोक हिरडीवरून फिरत असायचं.

दातांच्या डॉक्टरीणबाई हलिश दक्षिणेतून विमानाने यायच्या, दर काही महिन्यांनी, चार दिवस. त्यांनी सेराफिनच्या जबड्याचा फोटो काढला आणि उजेडावर धरला. सेराफिनची आई बर्नाडेट आणि आजी दोघी बघत होत्या. आजीला आमच्याकडे एत्सी म्हणतात. एत्सीला इंग्रजी कळत नसे असं नाही, पण दवाखान्यात ती ते बोलायचं आणि ऐकायचं दोन्ही नाकारायची. त्यामुळे बर्नाडेट मध्ये बसून एकीचं दुसरीला सांगायची.

"तारा लावल्या तर दर महिन्याला दाखवायला लागेल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मी तर इतक्या दिवसांनी येते. म्हणून दुसरा रस्ता सुचवते. दात टप्प्याटप्प्याने काढायचे. आधी दुधाचे सुळे, म्हणजे पुढच्यांना हातपाय पसरता येतील. मग दुधाच्या पहिल्या दाढा, म्हणजे त्यांच्या मागच्या उपदाढा लवकर बाहेर येतील. आणि शेवटी त्या उपदाढाच काढायच्या, म्हणजे सुळ्यांना जागा."

हे ऐकलं आणि मी हाडातल्या हाडात गार पडले. मला लवकर वर बोलवायचं, ते कशासाठी? घालवण्यासाठी!

बर्नाडेटने एत्सीला सांगितलं, "आधी दुधाचे सुळे काढतील. मग दुधाच्या दाढा." आणि ती थांबली.

"मग?" एत्सीने विचारलं.

"मग बघू म्हणतात."

असं अर्धंच सांगायला बर्नाडेटला कारण होतं. एत्सी लहान असताना तिला घरापासून लांब, डेने पोरांसाठीच्या सरकारी शाळेत जबरदस्तीने नेऊन ठेवलं होतं. तिथं एकदा दात काढणारा आला. पोरांना रांगेत उभं केलं आणि कुणाचा किडका, कुणाचा चांगला, न बघता काढत सुटला. एत्सीच्या बऱ्याच चांगल्या दाढा त्या दिवशी गेल्या. आता तिच्या तोंडात कवळी होती, आणि ती काढली की ती फार म्हातारी दिसायची. पक्की, निरोगी दाढ काढायची हे तिला कसं सांगायचं, असं बर्नाडेटला वाटलं. तेव्हाचं तेव्हा बघू, असं मनाशी म्हणून तिने विषय पुढे ढकलला. माणसं हे फार करतात.

पहिला टप्पा पार पडला. दुधाचे सुळे निघाले आणि ते घेऊन सगळं घर घरामागच्या झाडाकडे गेलं. आमच्याकडे पडलेला दात झाडात ठेवतात आणि घरचे लोक त्याभोवती नाचतात, म्हणजे नवा दात झाडासारखा सरळ येतो. एत्सीने सरळसोट, तरणं स्प्रूसचं झाड निवडलं होतं. सालीच्या फटीत दात ठेवून त्यावर तिने झाडाचाच डिंक थापला. नारसिस मामाने ढोल शेकोटीवर धरून ताणून घेतला, आणि मग सगळे गोल फिरत नाचले. सेराफिन गालात कापसाचा बोळा धरून नाचली.

आणि पुढच्या काही महिन्यांत काय सांगू! पुढचे दात एकमेकांच्या अंगावरून उतरले, जरा बाजूला झाले, तोंडं पुढे करून सरळ उभे राहिले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, जागा झाली म्हणून. एत्सी म्हणाली, झाडाने ऐकलं म्हणून. दोघींचंही समाधान झालं, भांडायचं कुणाला कारणच राहिलं नाही.

दुसऱ्या टप्प्यात माझ्या डोक्यावरची दुधाची दाढ गेली. तीही झाडात गेली, तिच्याभोवतीही नाच झाला. माझं छप्पर उडालं आणि मी वर, म्हणजे खरं तर खाली, उजेडात आले. काय सांगू तुम्हाला तो आनंद! पहिला घास मी वाळवलेल्या माशाचा चावला. मग तव्यावरची गरम जाड भाकरी, लोण्यात बुडवलेली. मग कॅरिबू हरणाचं मांस, शिजून मऊ झालेलं. मी नवी कोरी, माझ्या कडांना धार होती, आणि सेराफिन मुद्दाम त्या बाजूने चावायची. मला माझं भविष्य माहीत होतं, पण घास तोंडात आला की कोण भविष्याचा विचार करतं? मी कराकरा चावत होते. सुळा वरून बघत होता आणि त्याच्या तोंडाला पाणी सुटत होतं.

"कशी चव आहे?" तो विचारायचा.

"तुला कळेल तेव्हा कळेल," मी म्हणायचे. आता वाटतं, जरा प्रेमाने बोलायला हवं होतं.

तिसऱ्या टप्प्याचा दिवस आला. डॉक्टरीणबाईंनी खुर्ची मागे केली, दिवा ओढला, मला आरशात पाहिलं आणि म्हणाल्या, "सुंदर दाढ आहे." मला बरं वाटलं. एत्सी कोपऱ्यात बसली होती, रुमालात दात बांधून न्यायची तयारी करून. तिने सहज विचारलं, "ह्या दाढेच्या मागची दाढ कधी येईल?"

बर्नाडेट पिशवीत काहीतरी शोधू लागली.

"काय म्हणतायत आजी?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

आता सुटका नव्हती. बर्नाडेटने विचारलेलं सांगितलं. डॉक्टरीणबाई सरळ माणूस, त्यांनी सरळ उत्तर दिलं. "हिच्या मागे कुणी नाही, आजी. ही पक्कीच दाढ आहे."

एत्सी उठली. रुमाल खिशात कोंबला. सेराफिनच्या गळ्यातला कागदी रुमाल तिने स्वतःच्या हाताने सोडला आणि म्हणाली, "चल."

"आजी, ऐकून तर घ्या. आत्ता काढली नाही तर सुळा भलतीकडे बाहेर येईल. मग हिला दक्षिणेत न्यायला लागेल, हिरडी उघडायला लागेल, तारा लावायला लागतील. महिनेच्या महिने तिकडे राहायला लागेल."

"चल म्हटलं ना," एत्सी म्हणाली. मी वाचले होते, आणि का कोण जाणे, मला आनंद झाला नाही.

घरी आल्यावर एत्सीने लेकीला धारेवर धरलं.

"माझ्याच भाषेत माझ्याशी खोटं बोललीस!"

"खोटं नाही, आई. अर्धं."

"अर्धं! बाजारातून अर्धा मासा आणशील का, शेपटीकडचा? डोकं कुठं आहे म्हणून मी विचारणार नाही का?"

बर्नाडेट रडली. "तुला सांगून तुझे जुने दिवस उकरायचे नव्हते मला."

"ते पुरले कुणी होते?" एत्सी म्हणाली आणि आत निघून गेली.

मग काही महिने गेले, आणि ते आमच्या घरातले सगळ्यांत वाईट महिने होते. सुळा जोर लावत होता. पुढून वाट नाही, म्हणून तो बाहेरच्या बाजूला सरकू लागला. हिरडीवर टेंगूळ आलं. त्याची धडपड माझ्या मुळांना कळत होती. "मला नाही जमत," तो एकदा म्हणाला, आणि त्याचा आवाज इतका बारीक होता की मी माझं सगळं चावणं विसरले. सुळ्याने रडावं? सुळ्याने? मी त्या दिवशी मनाशी ठरवलं, की मला जायचंय. पण दाढेने ठरवून काय होतं? दाढेला कोण विचारतं?

सेराफिनचीही झोप उडाली होती. तिला दात वाकडे येतील याची भीती राहिलीच नव्हती. तिला भीती होती ती दक्षिणेत जाण्याची. अनोळखी शहर, अनोळखी घर, एत्सी नाही, तळं नाही. आणि तीच भीती एत्सीच्याही पोटात होती. पोर घरापासून दूर न्यायची, ह्याच्याहून वाईट तिला जगात काही माहीत नव्हतं. चांगला दात जाऊ द्यावा, की पोर जाऊ द्यावी? म्हातारी दिवसभर मासे चिरत बसायची आणि सुरीशी पुटपुटायची.

एके दुपारी सेराफिन तिच्यासमोर जाऊन बसली.

"एत्सी, हात धू आणि माझ्या तोंडात बोट घाल."

"कशाला?"

"घाल तर."

एत्सीने हात धुतले, पुसले आणि बोट घातलं. ते बोट माझ्यावरून गेलं, वर चढलं आणि टेंगळावर थांबलं. बराच वेळ थांबलं.

"अडकलाय बिचारा," एत्सी हळूच म्हणाली.

"एत्सी, तुझे दात काढले तेव्हा तुला कुणी विचारलं होतं?"

"विचारतंय कोण! डोकं धरलं आणि ओढलं."

"मला विचारलंय. डॉक्टरीणबाईंनी मला विचारलं, तुला चालेल का. मी हो म्हटलं. पण तू मला विचारलंच नाहीस. तू नुसतं चल म्हणालीस."

माशाचं खवलं एत्सीच्या मनगटाला चिकटलं होतं, ते तिने नखाने काढलं. मग तिने विचारलं, "चालेल तुला?"

"चालेल."

"रडशील."

"रडेन. पण चालेल."

"बरं," एत्सी म्हणाली. "मग मी येते बरोबर. आणि माझं एक म्हणणं आहे, ते मी स्वतः सांगेन."

ते तिने सांगितलं, आणि इंग्रजीत सांगितलं. दवाखान्यात सगळे थक्क झाले. "बाई, दाढ माझ्या हातात द्यायची. बादलीत टाकायची नाही."

"धुऊन देते, आजी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"मी धुवीन."

डॉक्टरीणबाईंनी मान डोलावली. मग सुई आली, आणि माझ्या भोवतीचं सगळं बधिर झालं. मी सुळ्याला म्हणाले, "आता कुठं सरकू म्हणून विचारणार नाही. जातेच आहे. सरळ ये, गड्या, नाहीतर माझं हसं होईल." तो काही म्हणाला असेल, पण मला ऐकू आलं नाही. चिमटा बसला, मला डावीकडे उजवीकडे झुलवलं, आणि हाड मला सोडायला तयार होईना. मी चांगली दाढ होते ना! मीच हिसका दिला असं मला वाटतं. सेराफिन रडली, ठरल्याप्रमाणे, आणि एत्सीने तिचा हात सोडला नाही. मग मी उजेडात होते, दोन मुळांसकट, आणि एत्सीच्या तळहातावर.

तिने मला वाहत्या पाण्याखाली धरलं. अंगठ्याने माझं एकेक मूळ चोळलं. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होते. ती रडत होती, आणि तिला डोळे पुसायचंही सुचत नव्हतं. तोंडाच्या उरलेल्या तीन कोपऱ्यांतल्या माझ्या बहिणीही तशाच तिच्या हातात आल्या, तशाच धुतल्या गेल्या.

संध्याकाळी सगळे झाडाकडे आले. नारसिस मामा ढोल शेकत होता आणि त्याला शंका आली. "एत्सी, पण ह्यांच्या मागे तर कुणी येणार नाही म्हणतात. मग झाडाला सांगायचं काय? कुणासाठी नाचायचं?"

"शेजाऱ्यासाठी," एत्सी म्हणाली. "माणूस उशिरा आला म्हणून त्याला तंबू ठोकायला जागा देत नाहीत का? हिने दिलीय. वाजव तू."

"वाजवतो बाई, ओरडू नकोस." आणि त्याने वाजवला. काय नाच झाला तो! बर्फ तुडवून तुडवून गोल वाट पडली. सेराफिनचा एक गाल सुजलेला, तरी ती सगळ्यांत पुढे. शेजारपाजारचे आले, तेही फेरात शिरले. मी डिंकाखाली बसून ढोलाचे ठोके अंगात घेत होते, आणि मला वाटत होतं, ह्या एवढ्या मोठ्या मुलखात एखाद्या उपदाढेसाठी एवढी माणसं कधी नाचली असतील का?

ढोल थांबला तेव्हा एत्सी झाडापाशीच उभी राहिली. "अजून एक फेरा घ्या," ती म्हणाली.

"कुणासाठी?" बर्नाडेटने विचारलं.

"माझ्या दाढांसाठी. त्या कुठल्या झाडात गेल्याच नाहीत."

नारसिस मामाने ढोल पुन्हा शेकोटीवर धरला, नीट, सावकाश, आणि थट्टा एकही केली नाही. मग सगळे परत नाचले. बर्नाडेट आईचा हात धरून नाचली, आणि त्या फेरात एत्सीचे पाय तरण्या मुलीसारखे पडत होते.

त्यानंतर माझ्या वाट्याला फक्त वाट बघणं आलं. झाडावरून तळं दिसतं, रस्ता दिसतो, घराचं दार दिसतं. सेराफिनच्या तोंडात काय चाललंय ते मात्र दिसत नाही. सुळा उतरला का? वाकडा तर आला नाही? माझं जाणं फुकट गेलं तर? हिवाळा गेला, उन्हाळ्यात डास आले, पुन्हा तळं गोठलं. सेराफिन येता जाता झाडाला हात लावायची, पण तोंड मिटून. मी चरफडायचे. अगं, दाखव की!

मग वसंतात, तळ्यावरचा बर्फ मऊ पडू लागला तेव्हा, एका सकाळी गाडी दवाखान्यातून परत आली. दार पुरतं उघडायच्या आत सेराफिन उडी मारून धावत सुटली ती थेट झाडापाशी. मागून एत्सी, काठी टेकत, ओरडत, "हळू! पडशील! दाखवायला दात राहणार नाहीत!"

सेराफिनने झाडाला दोन्ही हात लावले, मान वर केली आणि तोंड उघडलं. आ करून, डॉक्टरीणबाईंसमोर करत असेल त्याहूनही मोठा.

आणि तो होता. माझ्या जागेत. सरळ, पांढरा, उन्हात चमकणारा, जणू काही त्याला कधी उशीर झालाच नव्हता. दुसऱ्या बाजूचाही तसाच, खालचे दोघेही. एक जरासा तिरका होता, पण एवढं चालायचंच. डॉक्टरीणबाईंनी त्याच्याकडे बोटसुद्धा दाखवलं नाही म्हणे. जिंकले! मी जिंकले, मी, धडधाकट असून जागा सोडून उठलेली! मला हात असते तर ढोल मीच वाजवला असता.

एत्सी पोचली. धापा टाकतच तिने खिशातून वाळवलेल्या मांसाचा एक तुकडा काढला, चामड्यासारखा चिवट, आणि सेराफिनच्या हातात दिला.

"तोड."

सेराफिनने सुळ्यात धरला आणि ओढला. तुकडा फाटला. एत्सीने तो आवाज कान देऊन ऐकला आणि ती हसली, सगळी कवळी दाखवून. मग ती माझ्याकडे वळली. डिंकावर अंगठा ठेवला, मला धुताना ठेवला होता तसाच, आणि म्हणाली, "मसी." आमच्याकडे आभार मानताना हाच शब्द म्हणतात. उपदाढेचे आभार मानलेले तुम्ही कधी ऐकलेत? मी ऐकलेत.

"आणि दक्षिणेचं?" मागून आलेल्या नारसिस मामाने विचारलं. "तारा, हिरडी, विमान, सगळं? सामान बांधायचं का पोरीचं?"

"गरज नाही म्हणाल्या," बर्नाडेट म्हणाली. "कुठंच पाठवायची गरज नाही म्हणाल्या."

एत्सीने सेराफिनला जवळ ओढलं, इतकं घट्ट की तिच्या तोंडातलं मांस खाली पडलं.

"ऐकलंस?" ती झाडाला म्हणाली. "पोरगी घरीच आहे."

ऐकलं, एत्सी. मी आता इथंच आहे, सालीखाली, डिंकात, माझ्या बहिणींबरोबर, आणि मला कशाची कमी नाही. तुम्ही माझी हकिगत एवढा वेळ ऐकलीत, तर एवढं करा: तुमच्या घरी कुणा पोराचं काही काढायची वेळ आली, तर आधी त्याला विचारा. आणि काढलेलं त्याच्या माणसांच्या हातात द्या. आता मला निरोप द्या. खाली सगळे घराकडे निघालेत, आणि सेराफिन परत चावायला लागलीय.